शब्द मल्हारीचा, सूत मंजुळेचं

मी एक जुना कुंचा आहे. रंगाऱ्याचा नाही आणि चुना मारायचाही नाही. घोंगडी विणायच्या आधी लोकरीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावतात, त्या कामाचा मी. चिवट गवताच्या वीतभर मुळ्या दाट बांधलेल्या आणि वर बाभळीची मूठ. दिसायला म्हणाल तर झाडूचा धाकटा भाऊ. पण मित्रांनो, हे माझ्या तोंडावर म्हणू नका. जन्मभर आंबलेली खळ प्यायलो आहे, त्यामुळे माझा स्वभावही जरा आंबूसच आहे.

खळ म्हणजे काय, ते आधी सांगतो. चिंचोके भाजायचे, त्यांची टरफलं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवून घट्ट पेज करायची. लोकरीचं सूत मऊ आणि लुळं असतं. ते तसंच मागावर चढवलं तर पहिल्या ठोक्यालाच तुटतं. मी त्याला खळ पाजली आणि ते उन्हात वाळलं, की मग कितीही ठोका, हूं की चूं करत नाही. ताठपणा देणं हाच माझा धंदा. सुताला तो लगेच येतो. घरातल्या माणसांना यायला फार वर्षं लागली, आणि मी तुम्हाला सांगणार आहे ते त्याबद्दलच.

मला मुंजाबानं बांधलं. करमाडच्या वेशीबाहेर धनगरांची दहा-बारा घरं होती, त्यातल्या त्याच्या घरात खड्ड्याचा, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून विणायचा, माग होता. पोलीस ॲक्शन होऊन एक वर्ष उलटलं होतं. त्याआधी गढीवरचा माणूस यायचा आणि मागावरून उतरलेली घोंगडी खांद्यावर टाकून चालू लागायचा. दाम नाही आणि विचारणंही नाही. त्याला वेठ म्हणत. मुंजाबाच्या बापानं वेठ दिली, मुंजाबानंही दिली. निजामाचं राज्य गेलं, तशी वेठ गेली. त्या हिवाळ्यात मुंजाबानं घरातला जुना कुंचा चुलीत घातला आणि मला बांधायला घेतलं. जुन्यानं वेठीच्या घोंगड्यांना खळ लावली होती, म्हणून तो घरात नको, असं त्याचं म्हणणं. माझ्या जन्माची ही हकीकत सांगताना माझी छाती फुगते. कुंच्याला छाती नसते, हे मला माहीत आहे.

पुढं मुंजाबाची सून आली, मंजुळाबाई. आमच्या घरची रीत अशी की कातणं बाईचं आणि विणणं बाप्याचं. कातरलेली लोकर ती धुवायची, पिंजायची, पेळू करून चरख्यावर कातायची. एका घोंगडीचं सूत कातायला, घरचं दारचं सगळं सांभाळून, तिला पंधरा-वीस दिवस लागत. तेच सूत मागावर चढलं की तिचा नवरा मल्हारी तीन दिवसांत घोंगडी उतरवत असे. मुंजाबाच्या मागं माग त्याच्याकडंच आला होता. लोक येत, घोंगडीवरून हात फिरवत आणि म्हणत, काय हात आहे मल्हारीचा. मंजुळाबाई तेव्हा चार पावलांवर मला धरून पुढच्या ताण्याला खळ लावत असायची. तिच्या हाताकडं कुणी पाहत नसे. मी पाहत होतो, कारण मी त्याच हातात होतो. तिच्या बोटाला सुतानं खाच पडलेली होती आणि ती खाच माझ्या मुठीला रोज लागायची.

घोंगडी मात्र आमची नावाजलेली. पाऊस आला तर थेंब वरच्या वर थांबायचे. एखादं काम रखडलं की लोक घोंगडं भिजत पडलं म्हणतात, त्याचा मला फार राग येतो. आमचं घोंगडं भिजायलाच मुळात अर्धा दिवस लागतो.

आता मल्हारीबद्दल. माणूस सोन्यासारखा, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात देवानं घातलाच नव्हता. आणि हे पंचक्रोशीला कळलं होतं. तेव्हा कुणी पुढारी आला की त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकायची आणि हातात काठी द्यायची, अशी टूम निघाली होती. मंडळी सकाळी येत, मल्हारीच्या पाठीवर थाप मारत आणि संध्याकाळच्या सत्कारासाठी घोंगडी नेत. पैशांचं नाव काढत नसत. मग देवळाची सोडत आली. मग कबड्डीच्या सामन्यांचं बक्षीस आलं. प्रत्येकाचं वाक्य एकच, की मल्हारी, तुझं नाव होईल. नाव झालं, पण ते देणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाचं. व्यासपीठावर घोंगडी अर्पण करणारा तोच असायचा आणि मल्हारी मागं खांबाला टेकून टाळ्या वाजवायचा.

एकदा तो काही कामानं शहरात, औरंगपुऱ्यात गेला. तिथं एका इस्त्रीवाल्याच्या टेबलावर त्याला आपली घोंगडी दिसली. वर चादर अंथरलेली, खाली आमची घोंगडी, आणि तिच्यावरून तापलेली इस्त्री फिरत होती. सोडतीत कुणाला तरी लागलेली, तिथून ती फिरत फिरत इथं आलेली. घरी येऊन त्यानं हे हसत सांगितलं. मंजुळाबाई हसली नाही. तिनं त्या दिवशी मला इतक्या जोरानं ताण्यावर ओढलं की माझे चार केस गळाले.

मित्रांनो, आता खऱ्या गोष्टीकडं येतो. वाळूजला नवे नवे कारखाने उभे राहत होते, ती वर्षं. भादव्यात मेंढरं कातरून झाली होती. मल्हारीची चुलत बहीण बानाबाई आपल्या वाड्याची लोकर घेऊन आली. वाडा म्हणजे घर नव्हे हं. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या तळाला आमच्यात वाडा म्हणतात. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं गोदाकाठाकडं निघायची, ती पावसाळ्यालाच परत. तोवर रात्री उघड्या रानात. बानाबाईला पाच घोंगड्या हव्या होत्या. तिची लेक नुकतीच बाळंत झाली होती, मूल दीड महिन्याचं होतं आणि तेही बरोबर जाणार होतं. मजुरीपोटी तिनं दोन कोकरं आधीच आमच्या दावणीला बांधली. मंजुळाबाईनं त्या दिवसापासून चरखा सोडला नाही. महिनाभरात दोन घोंगड्यांचं सूत झालं, तिसऱ्याचं निम्मं.

अशात एका रविवारी काकासाहेब आले. हे करमाडच्याच मोठ्या शेतकरी घरातले. औरंगपुऱ्यात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं आणि राहणंही शहरातच. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांची सख्खी बहीण बाळंतपणात, दवाखाना गाठायच्या आत, बैलगाडीतच गेली होती. तेव्हापासून बायांसाठी दवाखाना बांधायचा, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी मंडळ काढलं होतं. दिवाळीनंतर शहरात एक कार्यक्रम ठरला होता. चित्रकार, मूर्तिकार, विणकर यांनी आपल्या वस्तू दान द्यायच्या, त्यांचा लिलाव करायचा आणि येणारा पैसा दवाखान्याला. वाळूजचे कारखानदार येणार होते.

काकासाहेब धनगरांच्या शेजारात वाढलेले. त्यांना आमच्या रीती पाठ होत्या. ते शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाला जाऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी मल्हारीच्या तळहातावर भंडारा ठेवला. मल्हारीनं तो कपाळाला लावायला हात उचलला, तेवढ्यात ते म्हणाले, "मल्हारी, आठ घोंगड्या पायजेत. बायांच्या दवाखान्याचं काम हाय."

हातात भंडारा असताना नाही म्हणणारा धनगर मी पाहिलेला नाही. मल्हारी म्हणाला, "देतो."

झालं. भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द. मंजुळाबाई ताण्यापाशी उभी होती. तिनं मला खळीच्या भांड्यात ठेवलं, आत जाऊन चहा केला, काकासाहेबांना दिला, रिकामी कपबशी उचलली. त्यांची मोटारसायकल जालना रस्त्याला लागल्यावर ती परत आली.

मल्हारीचा हिशेब सोपा होता. तयार सूत आहे ते दवाखान्याला आधी वापरू, आणखी कातू, बानाच्या घोंगड्या फाल्गुनात देऊ. बहीण आहे, समजून घेईल. मंजुळाबाईनं विचारलं, तोवर ते लेकरू कशात झोपेल. मल्हारी म्हणाला की शब्द गेला आहे, भंडाऱ्यावर गेला आहे, आता माझ्या हातात काही नाही.

मंजुळाबाईनं भांड्यातून मला उचललं. खळ माझ्या केसांवरून थेंब थेंब गळत होती. ती म्हणाली, "शब्द तुमी दिला. सूत मी दिलं न्हाय."

मल्हारीला वाटलं ती रागानं बोलते आहे आणि राग उतरेल. पण ती रागात नव्हती. ती पुढं म्हणाली, "इतकी वरसं तुमी एका दमात देऊन टाकता, आन् मी ईस दीस कातत बसते. ते दान तुमचं नव्हंच. हा ताणा बानावन्संचा हाय. तुमचा शब्द हाय ना, मग त्येचं सूत बी तुमीच काता."

मित्रांनो, मी त्या घरात पस्तीस-छत्तीस वर्षं होतो. मल्हारीला असं कुणी सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दोन दिवस तो नुसता माग ठोकत राहिला. तिसऱ्या दिवशी, माग आवरल्यावर, तो चरख्यापाशी जाऊन बसला.

गावात हसं झालं. बाप्या माणूस चरख्यावर बसला, हे बघायला लोक काम सोडून येत. कुणी म्हणे, मल्हारी, आता नाकात मोरणी घाल. तो मान खाली घालून कातत राही. सूत तुटे, जोडे, परत तुटे. कुठं दोरखंडाएवढं जाड, कुठं केसाएवढं बारीक. दिवसा तो बानाबाईच्या घोंगड्या विणे, दिवे लागायच्या आधीचा वेळ चरख्यावर. मंजुळाबाईनं त्याला एका शब्दानंही टोकलं नाही. पेळू कसा धरायचा, ते एकदा दाखवलं, एवढंच. आठ दिवसांनी त्यानं आपली बोटं पाहिली. सुतानं कापलेली होती. त्यानं मग शेजारी बसलेल्या तिच्या बोटांकडं पाहिलं. आणि त्या दिवसापासून घोंगडी बघायला कुणी आलं, की तो सांगायला लागला, सूत मंजुळेचं आहे.

दिवाळीच्या पाडव्याला बानाबाई आली. पाचही घोंगड्या तयार होत्या. सगळ्यात मऊ, कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या म्हणजे जावळाच्या लोकरीची, तिनं तिथंच नातवाला गुंडाळली आणि वाडा निघाला. मल्हारीच्या सुताची मात्र जेमतेम एक घोंगडी झाली. तिच्या ताण्याला खळ लावताना माझी काय दशा झाली, ती माझी मला ठाऊक. हातभर पुढं गेलो की गाठ. पण मी कुरकुर केली नाही. अशी मेहनत मी रोज पाहत नव्हतो.

ती एक घोंगडी घेऊन दोघं एसटीनं शहरात आले. मला पिशवीत घातलं होतं, कारण मंडळाचा निरोप होता की अवजारंही आणा, पाहुण्यांना गंमत दाखवू. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी गंमत म्हटलं नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या एका मोठ्या हॉलमध्ये टेबलांवर वस्तू मांडल्या होत्या. शेजारच्या टेबलापाशी बद्रीनाथ नावाचे म्हातारे पेंटर उभे होते. दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेल्या वेळात त्यांनी दौलताबादच्या किल्ल्याचं चित्र काढलं होतं, चार महिने खपून. लिलाव पुकारणाऱ्यानं ते वर धरलं, दोघांनी बोली लावली, आणि नुसत्या चौकटीलाही जास्त लागले असते एवढ्या पैशांत ते गेलं. बद्रीनाथांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

मग घोंगडी निघाली. पुकारणाऱ्याच्या हातात आठांची यादी होती आणि समोर एकच, तीही गाठीगाठींची. त्यानं ती बोटांच्या चिमटीत धरली आणि काहीतरी विनोद केला. पहिल्या रांगेतल्या एका कारखानदारानं खुर्चीतूनच दहा रुपये म्हटले. वर म्हणाले, घ्या, आमच्या कुत्र्याला हिवाळ्यात बरी पडेल. सगळे हसले. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही. हसत असताना माणसाच्या मनात बहुधा काहीच नसतं.

मंजुळाबाईच्या हातात मी होतो. मला तसंच धरून ती पुढं गेली, दुसऱ्या हातानं घोंगडी काढून घेतली आणि पहिल्या रांगेसमोर उभी राहिली.

"ही माज्या मालकानं महिना बसून कातली," ती म्हणाली. "गाठी हायेत, मला बी दिसत्यात. ज्येला नगं त्यानं गप ऱ्हावं. आमी ही बायांच्या दवाखान्याला आणली, कुत्र्याला न्हाय. हिचं मोल जो जाणतो त्यानं बोलावं, न्हायतर मी घरी नेते."

काकासाहेब घाईनं उठून आले. हळू आवाजात समजावू लागले की हे दानाचं काम आहे, इथं भाव बघायचा नसतो, पाहुणे रागावतील. मंजुळाबाईनं आवाज कमी केला नाही.

"दानाची म्हंजी फुकाची न्हवं, काकासाहेब. गढीवरची मान्सं न इचारता न्हेत व्हती. तुमी इचारून न्हेता, पर न्हाय म्हणाया जागा ठेवत न्हाय. माज्या मालकाच्या हातावर आधी भंडारा ठेवला आन् मग इचारलं. ही येठच हाय. निस्ती हार घालून आलीया."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. ते मल्हारीकडं वळले आणि जरा कडक आवाजात म्हणाले की मल्हारी, तू आठ म्हणाला होतास. खांबापाशी उभा असलेला मल्हारी पुढं आला. मला वाटलं, आता हा माफी मागणार. माझी मूठ मंजुळाबाईच्या घामानं ओली झाली होती.

मल्हारी म्हणाला, "शब्द मोडत न्हाय मी. आठ म्हणलो, आठ देईन. लोकर माजी, इणणं माजं. सूत तेवढं कातायचं ऱ्हायलंय. घरी चरखा हाय. ज्येला दान करायचंय त्यानं यावं, बसावं आन् कातावं."

आणि दोघं बाहेर पडले. जिन्यात बद्रीनाथ पेंटर मागून आले. त्यांनी मंजुळाबाईला हात जोडले आणि परत वर गेले. नंतर कळलं की त्यांनी वर जाऊन सांगितलं, माझ्या चित्राचे तेवढे पैसे मी दवाखान्याला माझ्या खिशातून देतो, चित्र मला परत द्या. आणि ते काखोटीला मारून घरी गेले.

एसटीत मंजुळाबाईनं ती गाठीगाठींची घोंगडी उलगडून दोघांच्या गुडघ्यांवर टाकली.

तुम्हाला वाटेल, मग सगळ्यांनी त्यांची वाहवा केली असेल. कसली वाहवा! धनगरांना माज आला, असं गावभर झालं. दवाखान्याच्या कामात खोडा घातला म्हणून लोक तोंड फिरवू लागले. तीन बाजार आमची एकही घोंगडी खपली नाही. चुलीवर नुसती भाकरी आणि चटणी. मल्हारी एकदा म्हणाला की जाऊन माफी मागू का. मंजुळाबाईनं विचारलं की कशाची? मग त्यानं तो विषय परत काढला नाही. ताठ उभं राहण्याची किंमत असते, मित्रांनो, आणि ती आधी पोटाला द्यावी लागते. मी खोटं सांगणार नाही.

कातायला मात्र एकजण आला. पौषातल्या एका रविवारी मोटारसायकल दारात थांबली आणि काकासाहेब उतरले. या वेळी हात रिकामे होते. ते सरळ चरख्यापाशी जाऊन मांडी घालून बसले आणि मंजुळाबाईला म्हणाले की दाखवा. अर्धा तास ते झटले. वीतभर सूत निघालं नाही. धोतर लोकरीनं भरलं, कपाळाला घाम आला. शेवटी ते स्वतःवरच हसले. मग त्यांनी कबूल केलं की भंडारा आधी ठेवला तो जाणूनबुजून. बहिणीच्या आठवणीनं आपण इतके पेटलो होतो की समोरच्याला पण घर आहे हे दिसलंच नाही. मंजुळाबाईनं त्यांना चहा दिला. या वेळी साखर जरा जास्त घातली, ते मी पाहिलं.

त्या बैठकीत तिनं त्यांना पाच गोष्टी सांगितल्या आणि काकासाहेबांनी त्या मंडळात मांडून मान्य करून घेतल्या. एका कलावंताकडं वर्षातून एकदाच जायचं. वस्तू कोणती द्यायची, ते त्यानं ठरवायचं, आणि तिची कमीत कमी किंमत किती, तेही त्यानंच. तेवढे कुणी दिले नाहीत तर वस्तू सन्मानानं घरी पोचवायची. नाव पुकारायचं ते करणाऱ्याचं, आणि करणारे दोन असतील तर दोघांचं. त्यानं नाही म्हटलं तर रामराम करून उठायचं, मागून त्याच्याविषयी बोलायचं नाही. ही शेवटची अट पाळणं लोकांना सगळ्यात जड गेलं. मात्र पुढच्या लिलावात बद्रीनाथांचा किल्ला परत आला, आणि या वेळी त्यांना टाळ्या दुसऱ्यांनी वाजवल्या. त्या आठ घोंगड्यांचं विचाराल, तर ते घोंगडं अजून भिजतंच आहे. मल्हारीचा शब्द मोडलेला नाही. चरखा मोकळाच असतो.

दवाखाना पुढच्या हिवाळ्यात उभा राहिला, दहा खाटांचा. त्या साली मंजुळाबाईनं कोकरांचं जावळ वेगळं काढून ठेवलं होतं. ते तिनं इतकं बारीक कातलं की मी त्या ताण्यावरून फिरताना मला आवाज येत नव्हता. मल्हारीनं विचारलं, कुणाची ही? ती म्हणाली, बघू. घोंगडी उतरली तशी तिनं ती घडी घालून काखेत मारली आणि एसटीत बसली. कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. पुढचं मी पाहिलेलं नाही, तिच्याकडून ऐकलेलं मल्हारीनं नंतर खळ ढवळताना मला ऐकू येईल असं कुणाला तरी सांगितलं. दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर करमाडकडचीच एक ओली बाळंतीण कुडकुडत पडली होती. मंजुळाबाईनं तिच्या अंगावर घोंगडी टाकली, कडा पायांखाली खोचल्या आणि निघाली. दारात काकासाहेब भेटले. त्यांनी ती घोंगडी पाहिली. असली घोंगडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते म्हणाले की मंजुळाबाई, अशी एक मागच्या साली लिलावाला दिली असती तर दवाखान्याला केवढी मदत झाली असती.

मंजुळाबाई म्हणाली, "तवा तुमी मागत व्हता. आता मी देतीया."

मित्रांनो, मुंजाबा गेला त्याला खूप वर्षं झाली. आता मल्हारीही नाही. माझे केस दोनदा नव्यानं बांधले, मूठ तीच आहे. परवा तुमचे गुरुजी आमच्याकडं आले होते. शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, हा कुंचा शाळेला देऊन टाका, नाहीतरी जुनाच आहे, असं म्हणाले. मंजुळाबाई आता ऐंशीच्या घरात आहे. ती म्हणाली की देऊन टाकणार नाही, दोन दिवस नेऊ शकता. म्हणून मी आज या टेबलावर आहे. माझ्याशेजारी कागदावर 'जुने अवजार' एवढंच लिहिलं आहे, ते आधी खोडा. मुंजाबानं बांधला आणि मंजुळाबाईनं चालवला, असं लिहा. मला हात लावायचा असेल तर लावा, पण आधी विचारा. आणि कुणाच्या हातची वस्तू आवडली तर ती मागायच्या आधी ते हात बघून या. शनिवारी मला न विसरता घरी पोचवा. मंजुळाबाईच्या सुनेनं ताणा लावला आहे आणि मी अजून कामावर आहे.